बृहदांत्राच्या कर्करोगाचा प्रसार : एका प्रतिमानाची मर्यादा

एरिक फिअरन व बर्ट व्होगलस्टाइन यांचा ‘सेल’ या नियतकालिकातील १९९० सालचा निबंध बृहदांत्र व मलाशय यांच्या कर्करोगाच्या अभ्यासात पायाभूत मानला जातो, व ते यथार्थच आहे. जनुकांतील बिघाडांच्या संचयाने सौम्य गाठीचा कर्करोग होतो, हा त्यातील सिद्धांत आजही टिकून आहे. क्रमापेक्षा संचय महत्त्वाचा, ही लेखकांची सावध पुस्ती मात्र पाठ्यपुस्तकांतील जिन्याच्या आकृतीत लोपली. त्या जिन्याची अखेरची पायरी, म्हणजे रोगाचा अन्य अवयवांत प्रसार, नावापुरतीच राहिली. हे या प्रतिमानाचे खरे न्यून होय.

थॉमस ब्राब्लेट्झ व त्यांचे सहकारी यांच्या २००१ सालच्या निबंधाने ते उघड केले. एपीसी जनुक निकामी झाले की बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचा नाश थांबतो. ते केंद्रकात शिरून वाढीची जनुके जागृत करते. हा बिघाड गाठीतील सर्वच पेशींत असता, केंद्रकातील साठा मुख्यतः तिच्या आक्रमक कडेवरच का आढळावा? शिवाय दूरच्या गाठींत पेशी पुन्हा ग्रंथीसारखी रचना धारण करतात. जो बदल असा मागे फिरतो, तो केवळ उत्परिवर्तनाचे फळ कसा मानावा? परिसरातून येणाऱ्या संदेशांकडेच ही वस्तुस्थिती बोट दाखविते. व्होगलस्टाइन यांच्याच गटाने २००८ साली काढलेला निष्कर्ष येथे लक्षणीय आहे : आक्रमक कर्कपेशीला दूर पसरण्यासाठी नवी उत्परिवर्तने फारशी लागत नाहीत.

तथापि ऊतींचे छेद ही स्थिर चित्रे होत. त्यांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. बार्सिलोना येथील एदुआर्द बातये यांच्या प्रयोगशाळेने २०१२ साली ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. टीजीएफ-बीटा या संदेशाला कर्कपेशी स्वतः बहुधा बधिर झालेल्या असतात. सभोवतालच्या संयोजी ऊतीतील पेशी मात्र त्याला प्रतिसाद देऊन इंटरल्यूकिन-११ स्रवतात. त्यामुळे कर्कपेशींतील स्टॅट-३ जागृत होऊन त्या परक्या अवयवात तग धरतात. उंदरांत हा मार्ग औषधाने रोखला असता दूरच्या गाठींची निर्मिती घटली. उंदरांवरील निष्कर्ष माणसाला तसाच लागू पडेल असे अर्थातच गृहीत धरता येत नाही.

प्रबंधासाठी हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याने यावरून एवढा बोध घ्यावा : केवळ गाठीतील जनुकांची यादी वाढवून प्रसाराचे कोडे सुटणार नाही. कोणती पेशी, कोठे व केव्हा, कोणत्या पेशीला संदेश देते, हे प्रथम पाहिले पाहिजे.