शालिहोत्राच्या पोथ्या : घेणाऱ्याचें शास्त्र व वाढविणाऱ्याचें शास्त्र

अश्वविद्येवरील आपल्या जुन्या ग्रंथांचा विषय निघाला म्हणजे संग्राहकांच्या डोळ्यांपुढें बहुधा एकच चित्र उभें राहतें : लांबट पानांची पोथी, पानागणिक रंगविलेला घोडा, त्याच्या अंगावर दाखविलेले भोवरे, आणि खालीं त्या भोवऱ्यांचीं शुभाशुभ फळें. अशा पोथीस मोल येतें. ती कापडांत बांधली जाते, तिची नोंद होते. त्याच दप्तरांत चंदी-वैरणीचीं, औषधांचीं किंवा शिंगरें फेरण्याचीं सुटीं मराठी पानें असलीं तर तीं मात्र वाडा मोडतांना रद्दींत जातात. ही निवड चुकीची आहे, आणि आजवरच्या छापील आवृत्त्यांनीं तिला नकळत हातभार लावला आहे, असें आमचें मत आहे. तें सकारण मांडावें, व वाशीम जिल्ह्याच्या म्हणजे जुन्या वत्सगुल्माच्या प्रदेशावर तें पारखून पाहावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम छापील ग्रंथांचा विचार करूं. महासामंत जयदत्त याचें ‘अश्ववैद्यक’ उमेशचंद्र गुप्त यांनीं बिब्लिओथिका इंडिका मालेंत इ. स. १८८६-८७ च्या सुमारास प्रसिद्ध केलें, व त्यासच जोडून नकुलाच्या नांवावरील अश्वचिकित्साहि छापली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयानें नकुलाच्याच नांवावरील ‘अश्वशास्त्र’ चित्रांसह इ. स. १९५२ मध्यें काढलें. पुढील वर्षीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून एकनाथ दत्तात्रेय कुळकर्णी यांनीं भोजाचें ‘शालिहोत्र’ संपादून दिलें. ह्या तिन्ही कामांचे उपकार मोठे आहेत. परंतु प्रत्येकाची दृष्टि निराळी आहे. पहिलें काम ग्रंथ वांचविण्यासाठीं झालें, दुसऱ्यांत चित्रांचें आकर्षण प्रबळ आहे, आणि तिसरें संस्कृत महाकोशाच्या साधनग्रंथांच्या मालेंतील असल्यामुळें त्यांत शब्दांकडे लक्ष असणें साहजिकच आहे. शिंगरास दावें केव्हां लावावें, तोंडांत लगाम केव्हां द्यावा, पाठीवर भार केव्हां घालावा, हे प्रश्न घेऊन ह्या ग्रंथांकडे जाणारा वाचक संपादकांनीं मनांत धरलेलाच नाहीं. जयदत्तानें अंगप्रत्यंगें, भोवरे, वर्ण, दांतांवरून वय, वाहन, आहार आणि रोगचिकित्सा असा विस्तृत पट अडुसष्ट अध्यायांत मांडला आहे. तरी त्याच्या नांवें पुढें चर्चेंत येतात ते भोवरे आणि रोग. मधला भाग, म्हणजे रोजचा घोडा, बहुधा वगळला जातो.

असें कां व्हावें? आमच्या समजुतीप्रमाणें ह्याचें कारण संपादकांच्या पलीकडचें आहे. अश्वशास्त्राचा बराच भाग घोडा विकत घेणाऱ्यासाठीं लिहिलेला आहे. दक्षिणेंतील राजांचे उत्तम घोडे समुद्रमार्गें येत. वस्साफ हा फारसी इतिहासकार मअबर व आसपासच्या बंदरांत दरसाल दहा हजार घोडे उतरत असें सांगतो. त्याच सुमारास मार्को पोलो लिहितो कीं, मअबरांत घोडे निगेच्या अज्ञानानें मरत, आणि व्यापारी तेथें नालबंदास जाऊंच देत नसत, कारण घोडे मेले कीं नवे खपत. ह्यांत प्रवाशाची अतिशयोक्ति असेल. पण ज्या दरबारांत घोडा वाढून, शिकून, जहाजांतून उतरतो, त्या दरबाराच्या पंडितास शिंगराची काय चिंता? त्यास निवड करावयाची असते. पंचकल्याणी कोणता, देवमण कोठें, कोणता भोवरा घातक, हें ज्ञान बाजारांत किंमत ठरवितें. लक्षणशास्त्र म्हणून ज्याची आपण कधीं थोरवी गातों व कधीं थट्टा करतों, तें मुळांत घेणाऱ्याचें शास्त्र आहे. वाढविणाऱ्याचें शास्त्र निराळें, आणि तें क्वचितच लिहिलें गेलें.

क्वचित् म्हणण्याचें कारण, एक ठळक अपवाद आहे. शामशास्त्र्यांनीं इ. स. १९०९ मध्यें उजेडांत आणलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें प्रकरण आहे. तेथें घोडीं येण्याच्या मार्गांत भेट, खरेदी, युद्धांतील लाभ ह्यांबरोबरच राजाच्या पागेंतच जन्मलेलीं अशीहि एक जात सांगितली आहे. आणि जेथें शिंगरू घरचें तेथें शास्त्राचा सूर तत्काळ बदलतो. व्यालेल्या घोडीस तीन रात्री तूप, पुढें दहा रात्री सातू व औषधी स्नेहपान. दहा दिवसांनंतर शिंगरास पीठ, तूप व दूध सहा महिन्यांपर्यंत. मग जवाचा रतीब महिन्यामहिन्यानें वाढवीत तीन वर्षांपर्यंत न्यावयाचा, व चवथ्या वर्षीं तो द्रोणभर करावयाचा. इतकें झाल्यावर चार किंवा पांच वर्षांचा, पुरत्या अंगाचा घोडा कामास योग्य असें तो म्हणतो. घोड्याचे स्वभाव तीक्ष्ण, भद्र व मंद असे ओळखून त्यांस काम नेमावें, आणि वैद्याच्या चुकीनें जनावर दगावल्यास त्याची किंमत वैद्याकडून घ्यावी, असेंहि तेथें आहे. येथें भोवऱ्यांचें नांव नाहीं. हिशेब आहे, आणि धीर धरण्याची आज्ञा आहे.

‘चार किंवा पांच वर्षें’ हा आंकडा परंपरेनें चालत आलेला पोकळ आंकडा आहे कीं पाहून लिहिलेला? ह्याचा निकाल घोड्याच्या तोंडांत लागतो. घोड्याचे पुढचे दुधाचे दांत सुमारें अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या वयांत मधले, त्यांच्या शेजारचे व कोपऱ्याचे ह्या क्रमानें पडून नवे येतात. पांचव्या वर्षीं तोंड भरतें. वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या अश्वलक्षणाध्यायांत नेमका हाच क्रम देऊन तीन, चार व पांच वर्षांचा घोडा ओळखावयास सांगितलें आहे. म्हणजे ज्या अध्यायास आपण निवळ भोवऱ्यांचा समजतों त्यांतहि एक श्लोक कोणा जाणत्यानें शिंगराचा ओठ उचलून पाहून रचलेला आहे. हाडांचा पुरावाहि ह्यास जुळतो. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरील हाड सुमारें अडीच वर्षांच्या वयांत पक्कें होतें, आणि पाठीच्या मणक्यांची वाढ पांच वर्षांनंतरहि चालूं राहते. आजच्या शर्यतींच्या मैदानांत दोन वर्षांचीं जनावरें धांवडविलीं जातात, तेथें कौटिल्याचा अश्वाध्यक्ष नाक मुरडील. ग्रंथाची परीक्षा अशी जनावराशीं ताडून करावयास हवी होती. ती छापील आवृत्त्यांत झालेली नाहीं, हा आमचा मुख्य आक्षेप.

शिक्षणाविषयींहि तेंच. अमरकोशानें आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित व प्लुत अशा पांच धारा सांगितल्या. कल्याणीच्या सोमेश्वरानें शके १०५१ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासां’त वाह्याळीच्या मैदानावर शिकलेले घोडे फिरविण्याचा व कंदुकक्रीडेचा विनोद वर्णिला आहे, श्रीगोंदेकरांच्या बडोद्याच्या आवृत्तीमुळें तो सुलभ झाला. वर्णन सुंदर आहे, पण तें प्रेक्षकाच्या आसनावरून केलेलें आहे. राजासमोर घोडा येतो तो तयार होऊन येतो. कच्च्या बछेऱ्यास बागडोरीनें गोल फेरणारा, त्यास प्रथम नुसत्या खोगिराची संवय लावणारा, खरारा करतां करतां त्याचे पाय हातीं द्यावयास शिकविणारा मनुष्य त्या मैदानाबाहेर राहिला.

मराठी भाषा ह्या भेदाची साक्ष देते. लगाम, जीन, रिकीब, नाल, नालबंद, चाबूकस्वार, सईस, तोबरा, पागा हे शब्द फारसी-अरबी दरबारी व्यवहारांतून आले. उलट शिंगरूं, आयाळ, खूर, टाप, दावें, वैरण, कडबा, खिंकाळणें हे शब्द त्या वाटेनें आलेले नाहींत. स्वारीचा साज व पागेचा कारभार परका. जनावराचें अंग, त्याचें पिलूं व त्याचा चारा घरचा. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें झालेल्या ‘राजव्यवहारकोशा’स चतुरंगवर्गांत संस्कृत प्रतिशब्द पुरवावे लागले ते पहिल्या प्रकारच्या शब्दांस. ‘सालोतरी’ हा शब्द तर शालिहोत्र ऋषीचेंच नांव जनांच्या तोंडीं झिजून झालेला आहे. पण तो घोड्यांचा वैद्य, ग्रंथकर्ता नव्हे.

महाराष्ट्रांत वाढविणाऱ्याच्या दृष्टीनें लिहिलेला सर्वांत मोलाचा कागद पाहावयाचा तर तो ग्रंथ नाहीं, आज्ञापत्र आहे. चिपळुणाजवळ छावणीस ठेवलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांस शिवछत्रपतींनीं इ. स. १६७३ च्या मे महिन्यांत लिहिलेलें पत्र इतिहासज्ञांस सुपरिचित आहे. रयतेस उपद्रव देऊं नये ह्या आज्ञेमुळें तें गाजलें, आणि तें योग्यच झालें. परंतु त्याचा अर्धा जीव घोड्यांत आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेलें दाणा-गवत आरंभींच उधळलें तर पुढें मिळणार नाहीं, घोडीं उपाशीं मरतील आणि तो दोष तुमच्याच माथीं येईल. गवताच्या गंजीजवळ विस्तव, हुक्का किंवा दिवा ठेवूं नये, पेटती वात उंदीर ओढून नेईल. एक गंज पेटली तर सारी पागा बुडेल, अशी त्याची विचारसरणी आहे. राजनीतीचा लेख म्हणून आपण हें पत्र शंभरदां वाचलें. हयरक्षणाचा लेख म्हणून तें शालिहोत्राच्या शेजारीं ठेवून वाचावें, म्हणजे कोणत्या प्रकारच्या कागदांत हें ज्ञान दडलेलें असतें तें कळेल.

आतां वाशीमकडे वळूं. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची ही राजधानी. मूळ पुरुषांपैकीं पहिल्या प्रवरसेनानें चार अश्वमेध केले असें त्यांचे ताम्रपट सांगतात. अश्वमेधाचा घोडा सर्वांच्या ध्यानांत राहतो. परंतु वाकाटकांच्या दानपत्रांत ‘अचारासनचर्माङ्गार’ असें एक रुक्ष पद येतें. राजपुरुषांस चारा, आसनासाठीं कातडें व कोळसा पुरविण्याच्या बोजांतून गांव मोकळा, असा त्याचा अर्थ लाविला जातो. ज्या गांवास ही सूट नव्हती त्याच्या कुरणावर राजाच्या माणसांचीं जनावरें पोसलीं जात, हें त्यावरून उघड होतें. दुसऱ्या विंध्यशक्तीचे वाशीम ताम्रपट इ. स. १९३९ मध्यें हातीं आले म्हणून ह्या शाखेचा इतिहास उभा राहिला. तांबें टिकलें, कागदास तो योग नसतो.

मध्ययुगाचा एक उल्लेख आमच्या मतें फार महत्त्वाचा आहे. आईन-इ-अकबरींत बाशीम सरकारच्या आसपास हटकर नांवाची मानी व न वाकणारी जमात राहते, तिचे एक हजार स्वार व पांच हजार पायदळ आहे, असें नोंदलें आहे. हटकर हे धनगर. डोंगराळ मुलखांतील ह्या हजार स्वारांखालीं अरबी बंदरांतले घोडे असतील असें मानणें कठीण. कांहीं लुटीचे, कांहीं बाजारांतले असतील हें कबूल. तरी मेंढरांच्या वाड्याबरोबर चालणाऱ्या घोडीचें घरचें शिंगरूं हाच ह्या घोडदळाचा मोठा आधार असला पाहिजे, असें आमचें अनुमान आहे. त्यास एक बळकटी अशी कीं, भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून कर्नाल येथील राष्ट्रीय ब्यूरोनें अलीकडे नोंद केली, आणि ती जात आजवर राखली ती मुख्यतः भटक्या धनगरांनीं. ह्या लोकांचें शास्त्र कोणत्याहि पोथींत नाहीं. पुढें इ. स. १६७० च्या अखेरीस मराठी फौज ह्याच जिल्ह्यांतील कारंज्यावर आली. त्या छाप्यांतील लुटीचा हिशेब आपण आवडीनें करतों, पण इतक्या मजलांत घोडीं कशावर उभीं राहिलीं हें सहसा विचारीत नाहीं.

कारंज्याचें नांव संग्राहकांस दुसऱ्या कारणानेंहि पूज्य आहे. तेथील जैन भांडारांनीं अपभ्रंश वाङ्मयाचा ठेवा राखला, रा. ब. हिरालाल यांच्या इ. स. १९२६ च्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखित-सूचीनें तो जगापुढें आला, आणि कारंजा जैन ग्रंथमालेनें त्याचें सोनें केलें. पण ती सूची नांवाप्रमाणेंच संस्कृत-प्राकृत ग्रंथांची. मराठींतील सुटें पान, मोडींतील चंदीचा हिशेब, सालोतऱ्याचा नुसखा ह्यांस तींत स्थान असण्याचें कारण नव्हतें. वऱ्हाडांत ग्रंथ शोधणारे झाले, पानें शोधणारे झाले नाहींत.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. चित्रांच्या लोभानें पोथी फोडूं नये. तिच्या पाठीमागील कोऱ्या पानावर मागाहून कोणी लिहिलेली दोन ओळींची नोंद मूळ श्लोकाहून मोलाची असूं शकते. नुसख्यांतील शेर, मासा, टांक हीं मापें त्या त्या पेठेचीं असतात. पान कोणत्या गांवांतून व कोणत्या घरांतून आलें हें तेव्हांच टिपून ठेवावें. संपादकांनीं पाठभेदांबरोबर घोडीं राखणाऱ्या एखाद्या वृद्धास ग्रंथ वाचून दाखवावा. तो जेथें हंसेल तेथें टीप द्यावी, आणि जेथें मान डोलावील तेथेंहि द्यावी. घेणाऱ्याचें शास्त्र आपल्या कपाटांत भरपूर आहे. वाढविणाऱ्याचें शास्त्र अजून कोठें कोठें गांठोड्यांत आणि पुष्कळसें माणसांच्या हातांत आहे. गांठोडीं तर सुटत आहेतच, आणि हातहि म्हातारे होत आहेत.