जात, वर्ग आणि लिंगभाव : दोन दलित स्त्री-आत्मकथनांच्या संदर्भात

दलित स्त्री-आत्मकथनांची समीक्षा करताना ‘तिहेरी शोषण’ हा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. दलित स्त्री ही जातीने, वर्गाने व लिंगभावाने पीडित आहे, असे विधान करून अनेकदा विवेचन थांबते. या मांडणीत तीन दुःखांची केवळ बेरीज होते. प्रत्यक्ष आत्मकथने मात्र वेगळेच वास्तव मांडतात.

कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्कृतमध्ये एम. ए. होऊनही पूर्वाश्रमीच्या कुमुद सोमकुवर यांना अध्यापकाची नोकरी मिळत नव्हती. कुणबी-मराठा समाजातील व्यक्तीशी आंतरजातीय विवाह झाल्यानंतर काही महिन्यांतच त्यांची व्याख्याता म्हणून नेमणूक झाली. पदवी तीच होती, विद्वत्ताही तीच होती. बदलले होते ते आडनाव. विवाहानंतर स्त्रीने पतीचे नाव धारण करावे हा पितृसत्ताक संकेत येथे जातीचे बंद दार उघडतो आणि मध्यमवर्गात प्रवेश मिळवून देतो. परंतु त्याची किंमत म्हणून ‘सोमकुवर’ या नावाने मिळवलेले कर्तृत्व मात्र नाकारलेलेच राहते. ही वेदना लेखिकेने स्वतःच नोंदवली आहे.

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमचं’ ‘स्त्री’ मासिकातून १९८२ मध्ये क्रमशः व १९८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. घरातील स्त्रीला उंबऱ्याआड ठेवणे हे काही महार कुटुंबांत प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई, असे त्या सांगतात. म्हणजेच घराची पत वाढली की स्त्रीवरील बंधनेही वाढत. उच्चवर्णीयांचा आदर्श येथे स्त्रीच्या देहावर गिरवला जातो. फलटणला दुकान चालवणाऱ्या या लेखिकेला आपले लेखन पतीपासून अनेक वर्षे लपवून ठेवावे लागले, ही बाबही तितकीच बोलकी आहे.

या दोन उदाहरणांवरून असे दिसते की, जात, वर्ग व लिंगभाव ही शेजारी-शेजारी मांडलेली तीन ओझी नसून, एक सत्ता दुसरीच्या माध्यमातून कार्य करते. शिक्षण व अर्थार्जन हे मुक्तीचे मार्ग खरेच. तथापि ते आपोआप मुक्ती देत नाहीत.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात स्त्रीवाद एका घटकात व दलित साहित्य दुसऱ्या घटकात शिकवले जाते. या विभागणीत कुमुद पावडे यांची नेमणूक कोठे बसवावी, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. विशेषतः अध्यापकवर्गाने तो टाळता कामा नये, कारण ते बंद दार महाविद्यालयाचेच होते.