आमचे धातुशास्त्र

शाळेत संस्कृतच्या तासाला आम्हांला धातू शिकवले. त्यांचे गण दहा. त्यातले पहिला, चौथा, सहावा आणि दहावा एवढे पाठ केले की शाळेपुरता मोक्ष मिळे. उरलेले सहा पंडितांसाठी राखून ठेवलेले असत. पुढे आयुष्यात दुसरे धातू भेटले. त्यांना इंग्रजीत ‘हेवी मेटल’ म्हणतात आणि मराठीत ‘बंद कर ते’ म्हणतात. यांचे गण किती, हे पाणिनीलाही सांगता यायचं नाही. थ्रॅश, डेथ, ब्लॅक, डूम, पॉवर, फोक. शिवाय डेथ आणि डूम यांचा आंतरजातीय विवाह होऊन झालेली संतती वेगळीच.

हे संगीत मला मनापासून आवडतं. वयाला शोभत नाही म्हणतात. पण वयाला शोभतं असं संगीत ऐकायचं म्हटलं तर मला आता फक्त काकडआरतीच उरेल.

या कुळाचा मूळपुरुष इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा. टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. गडी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. आपल्याकडे घरच्यांनी ‘सुटलो एकदाचे’ म्हटलं असतं. यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा चढवल्या आणि पुढे त्या तारा सैलही सोडल्या. त्या सैल तारांतून जो खालचा, जाडजूड सूर निघाला त्यावर पन्नास वर्षं लोक संसार करताहेत. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला निघाला. दिवस शुक्रवार. मुहूर्तसुद्धा मुद्दाम अशुभ!

तेव्हा गण वगैरे काही नव्हते. ते नंतर आले. ‘व्हेनम’ नावाच्या मंडळींनी १९८२ साली एका अल्बमला ‘ब्लॅक मेटल’ नाव दिलं, आणि त्या नावाचं खरं संगीत नॉर्वेत पुढच्या दहा वर्षांत आकाराला आलं. म्हणजे बारसं आधी, बाळ नंतर. डेथ मेटल फोफावलं ते फ्लोरिडात, जिथे बाकीचे अमेरिकन निवृत्तीनंतर उन्हात पडायला जातात. शेजारी पेन्शनर आणि इकडे मरणाची गाणी. सोय म्हणून वाईट नाही.

माझा पुतण्या या शास्त्रातला पंडित आहे. एकदा मी कौतुकानं म्हटलं, “डेथ मेटल झकास आहे रे हे.”

“काका, हे डेथ नाही. टेक्निकल डेथ आहे.”

“फरक काय?”

“यात मोजून मारतात.”

थट्टा सोडा, पण व्याख्या बरोबर होती. गण ओळखता आला की ऐकणाऱ्याची सोय होते. डूम म्हणजे विलंबित. ‘स्लीप’ या मंडळींचं ‘डोपस्मोकर’ हे एकच गाणं तासाभराहून थोडं जास्त चालतं. उलट ‘नेपाम डेथ’चं १९८७ मधलं ‘यू सफर’ जेमतेम सव्वा सेकंदाचं. एकाला डबा घेऊन बसावं लागतं. दुसरं शिंक आली की हुकतं. कुठली पाटी कुठल्या दारावर आहे हे ठाऊक असलेलं बरं.

भानगड होते ती पाटीलाच देव मानल्यावर. नवीन पोरं वाजवायला बसली की जुने जाणकार कपाळाला आठी घालून म्हणतात, “हे खरं मेटल नव्हे.” हे वाक्य मी ओळखतो. ‘अमुक बुवांच्या नंतर गाणं संपलं’ म्हणणाऱ्या आमच्या रसिकांचा हा थेट मावसभाऊ. या मंडळींना नवीन गायक ऐकायचा नसतो, त्याला उंबऱ्यावर अडवायचं असतं.

आणि गंमत अशी, की आज ऐकण्याजोगं जे आहे ते बहुतेक या उंबऱ्यावरच उभं आहे. डेन्व्हरचे ‘ब्लड इन्कँटेशन’ घ्या. पाटी डेथ मेटलची. पण २०२२ साली त्यांनी एक अख्खा अल्बम संथ सिंथेसायझरचा काढला. भक्त मंडळी चपला शोधू लागली. मग २०२४ च्या ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’मध्ये वीस-वीस मिनिटांच्या दोन रचनांत त्यांनी ती शांतता आणि तो गदारोळ शेजारी शेजारी बसवले. आधी शांतता साधली होती म्हणून हा गदारोळ ऐकवतो. मंगोलियाचे ‘द हू’ घोड्याचं मुंडकं कोरलेलं मोरिन खूर हे तंतुवाद्य घेऊन येतात आणि कंठातून खर्ज काढतात. तो आवाज उसना वाटत नाही, कारण तो घरचाच आहे. इंडोनेशियातल्या गारुतच्या तीन मुली हिजाब घालून ‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोट’ या नावानं वाजवतात. ‘बाचेप्रोट’ म्हणजे त्यांच्या सुंदानी बोलीत गोंगाट. २०२४ साली त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या.

आपल्याकडेही धातू सापडतो बरं! मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’नं २०१७ साली ‘दशावतार’ नावाचा अल्बम काढला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराला एकेक गाणं. कोकणातल्या दशावतारात संकासुराचा थयथयाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यात परकं काही वाटू नये. दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’नं २०२२ च्या ‘रक्षक’मध्ये गिटारीशेजारी ढोल बसवला. जिथे ढोल गाणं ओढून नेतो तिथे अंगावर काटा येतो. जिथे तो नुसताच वरातीतल्यासारखा वर्दी देऊन जातो, तिथे आपण जेवणाची पंगत शोधू लागतो.

माझी कसोटी साधी आहे. नवीन मंडळींना तीनदा ऐकावं. पहिल्यांदा नुसता आवाज कळतो. दुसऱ्यांदा ढोलकऱ्याचे हातपाय कळतात. तिसऱ्यांदा, सगळं बंद केल्यावर, भाजी निवडताना एखादी ओळ तोंडात येते का ते पाहावं. आली तर गण कुठलाही असो, धातू खरा. न आली तर त्यांनी कितीही भयंकर मुखवटे घातले तरी तो पत्रा.

एवढा खटाटोप कशाला, असं तुम्ही विचाराल. ५ जुलै २०२५ ला ‘ब्लॅक सॅबथ’चा गायक ऑझी ऑस्बॉर्न, लहानपण काढलं त्याच अ‍ॅस्टन भागातल्या व्हिला पार्क मैदानावर शेवटचं गायला. चालवत नव्हतं, म्हणून काळ्या सिंहासनावर बसून गायला. सतरा दिवसांनी तो गेला. वय शहात्तर. त्याच्या मागचे थोर लोकही आता साठीपलीकडे पोचले आहेत, आणि जाहिरातींच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात अजून त्यांचीच नावं. त्यांना ऐकायला माझ्यासारखे हजारो जातील. पण जो रसिक फक्त थोरांनाच ऐकतो, तो दर वर्षी संगीत ऐकत नाही, श्राद्ध घालतो.

म्हणून त्या जाहिरातीच्या तळाशी, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा टायपात जी पाच-सहा नावं असतात ना, ती वाचा. त्यांची वेळ दुपारी दोनची असते, ऊन असतं, समोर वीसच माणसं असतात. एकविसावे आपण व्हावं.