घासामागचे हात

एरिक श्लॉसर या अमेरिकन पत्रकाराचे ‘फास्ट फूड नेशन’ हे पुस्तक २००१ साली प्रसिद्ध झाले. बर्गर आणि तळलेले बटाटे यांविषयीचा हा ग्रंथ नगर जिल्ह्यातील वाचकाने का वाचावा, असे कोणी विचारील. आमच्या मते तो अवश्य वाचावा. मात्र अमेरिकेला नावे ठेवण्यासाठी नव्हे.

पुस्तकातील अत्यंत लक्षणीय भाग स्वयंपाकघराविषयीचा आहे. रिचर्ड व मॉरिस मॅक्डोनल्ड या बंधूंनी १९४८ साली कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथील आपल्या उपाहारगृहाची घडीच बदलली. सुरी-काटा लागेल असे पदार्थ काढून टाकले, काचेच्या भांड्यांऐवजी कागदी पेले आणले आणि कामाचे तुकडे पाडले. एकाने मांस भाजावे, दुसऱ्याने ते पावात घालून गुंडाळावे, तिसऱ्याने बटाटे तळावेत. पदार्थ स्वस्त झाला, झटपट मिळू लागला. पण कसबी आचाऱ्याची गरज उरली नाही. ज्याला चटकन शिकवता येते, त्याला चटकन काढूनही टाकता येते. तेथून श्लॉसर कोलोरॅडोतील ग्रीली गावच्या कत्तलखान्याकडे वळतात आणि तेथे जायबंदी होणाऱ्या स्थलांतरित मजुरांना बोलते करतात. हीच या पुस्तकाची थोरवी होय.

उणीव आहे ती खाणाऱ्याच्या बाबतीत. लेखकाच्या मांडणीत ग्राहक बहुधा जाहिरातीला भुललेला दिसतो. वास्तविक ग्राहकही या धंद्याला वळण लावतो. सिनसिनाटी शहरातील कॅथलिक लोक शुक्रवारी मांस वर्ज्य करीत. त्या दिवशी गल्ला रिकामा राही. म्हणून लू ग्रोन या दुकानदाराने १९६२ साली माशाचा पाव काढला आणि पुढे तो मॅक्डोनल्डच्या सर्व दुकानांत गेला. भारतात १९९६ साली ही कंपनी आली, तीही गोमांस व डुकराचे मांस वगळूनच. श्रद्धा आणि चव यांपुढे यंत्रालाही वाकावे लागते, हे श्लॉसर यांनी अधिक मनावर घ्यावयास हवे होते.

आपल्याकडे फास्ट फूडवरील टीका बहुधा ‘परकीय’ या एका शब्दावर येऊन थांबते. तो शब्द लंगडा आहे. आपल्या वडापावातील पाव पोर्तुगीजांबरोबर आला. बटाटा आणि मिरची मूळच्या अमेरिका खंडातल्या. झटपटपणाही दोष नव्हे. कामावर धावणाऱ्याला गाडीवरचा गरम वडा हा आधारच असतो.

श्लॉसर यांची कसोटी निराळी आहे: हा घास कोणाच्या हातांनी तयार झाला आणि त्या हातांचे पुढे काय झाले? ही कसोटी आम्ही आमच्या जिल्ह्यालाही लावू इच्छितो. १९५० साली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, याचा आपणांस सार्थ अभिमान आहे. पण पाथर्डी-शेवगावकडील नवरा-बायको मुकादमाची उचल घेऊन ‘एक कोयता’ म्हणून निघतात, पाचटाच्या कोपीत हंगाम काढतात, आणि त्यांची मुले शाळेला मुकतात. आपल्या चहातील साखर याच वाटेने येते. ग्रीलीच्या मजुरासाठी हळहळणाऱ्या वाचकाने ही वाटही एकदा चालून पाहावी. जेवणापूर्वी अन्नासाठी आभार मानणाऱ्या कुटुंबांनी त्या हातांचीही आठवण ठेवली, तर पुस्तक वाचल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.