पैगंबरचरित्राचा संक्षेप आणि नवा वाचक

नवशिक्या वाचकासाठी लिहिलेल्या पैगंबरचरित्रांत अंगावर कचरा टाकणाऱ्या म्हातारीची कथा वारंवार येते. एके दिवशी कचरा पडत नाही. पैगंबर चौकशीला जातात, ती आजारी असते, तिचे मन पालटते. ही कथा हदीसच्या प्रमाणभूत संग्रहांत नाही, इब्न इसहाक (मृत्यू सुमारे ७६७) यांच्या सीरतग्रंथातही नाही. तरीही मराठी वाचकाला ती परकी वाटत नाही. गोदास्नानाहून परतणाऱ्या एकनाथांवर पुनःपुन्हा थुंकणाऱ्या यवनाच्या आख्यायिकेने हा साचा त्याच्या परिचयाचा केलेला आहे. (तेथे थुंकणारा कोण, हेही ध्यानात असावे.)

इब्न इसहाकांकडे या जागी निराळा प्रसंग आहे. शेजारी प्रार्थनेच्या वेळी अंगावर, चुलीवरच्या भांड्यात मेंढीची घाण टाकतात. पैगंबर ती काठीवर उचलून दारात उभे राहतात आणि हा कसला शेजार, असा जाब आपल्या कुळाला विचारतात. येथील 'जिवार' या अरबी शब्दात शेजार आणि संरक्षण हे दोन्ही अर्थ आहेत. कुळाचे संरक्षण हाच मक्केतील जगण्याचा आधार होता. सुमारे ६१९ मध्ये चुलते अबू तालिब वारले, तो आधार ढळला आणि ६२२ मध्ये मदिनेस स्थलांतर घडले. दारातला हा जाब वगळून केवळ क्षमाशीलता ठेवली की हिजरतीचे कारणच वाचकाच्या हातून निसटते.

सातारा-सांगलीच्या परिसरात हा धोका अधिक आहे. कडेगावचे ताबूत, मिरजेचा दर्गा यांमुळे येथील मुलाला पैगंबरांआधी पीर ठाऊक होतो, आणि संत तर घरचेच. चरित्र त्या ओळखीच्या मूर्तीत आपसूक ओतले जाते. ज्यांचे मूळ गाव साताऱ्यातील कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी आपल्या काव्यरचनेला 'मानव महंमद' हे शीर्षक दिले. त्यातील पहिला शब्द या संदर्भात फार मोलाचा आहे. साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती'त हे चरित्र प्रेमळ, घरगुती मराठीत आणले. ती भाषा सोपी आहे, परंतु सोपेपणाबरोबर संतचरित्राचा सूरही येतो, हे नाकारता येत नाही.

संक्षेप करणे हा दोष नव्हे. आज उपलब्ध असलेला इब्न इसहाकांचा ग्रंथ मुख्यतः इब्न हिशाम (मृत्यू सुमारे ८३३) यांच्या संपादित संक्षेपातूनच हाती येतो. मात्र कोणत्या प्रकारचा मजकूर गाळला, काय सांगणे अशिष्ट वाटले, कोणत्या वार्ता विश्वसनीय ठरल्या नाहीत, हे त्यांनी आरंभीच नमूद केले. मुलांच्या पुस्तकालाही दोन ओळींची अशी प्रस्तावना जड होणार नाही. म्हातारीची कथा ठेवायचीच तर 'लोक अशी गोष्ट सांगतात' एवढे शब्द पुरेसे आहेत. आठ वर्षांच्या मुलाला ते कळतात.