पिंजऱ्यातली बोली, कागदावरची साक्ष

मराठी ललित लेखनातले कोर्ट बहुतांशी नाटक-सिनेमातून आलेले आहे, कोर्टाच्या आवारातून कमीच. न्यायाधीश हातोडा आपटतात, साक्षीदार गीतेवर हात ठेवतो, वकील ‘दफा तीनसो दो’ म्हणतो आणि ऐनवेळी एक अनोळखी माणूस दार ढकलून साक्षीला उभा राहतो. भारतातल्या न्यायाधीशांपुढे हातोडा नसतो. १९६९च्या शपथ अधिनियमानुसार साक्षीदार ईश्वरसाक्ष शपथ घेतो किंवा प्रतिज्ञेवर सांगतो. त्यासाठी ग्रंथ लागत नाही. मराठी कोर्टात ‘दफा’ नसते, ‘कलम’ असते. सरकार पक्षाच्या साक्षीदारांची नावे दोषारोपपत्राबरोबर आरोपीला आधीच मिळालेली असतात. या चुका किरकोळ वाटतात, पण त्यांच्यामुळे खटल्याचे खरे नाट्य हातून निसटते. ते नाट्य कागदावर काय उतरते आणि काय उतरत नाही, यात असते.

खटल्यातून साहित्य उभे राहण्याचे एक जुने उदाहरण बुलढाण्यातले आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला १८८१ मध्ये बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे अपिलात फाशी टळून हद्दपारी झाली. या निमित्ताने वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री पुरुष तुलना’ (१८८२) लिहून उत्तर दिले. त्यांनी कोर्टाचे कामकाज रंगवले नाही. आरोप करणाऱ्या समाजालाच त्यांनी उलटतपासणीला उभे केले, आणि आजही त्या पुस्तकाचा आवेश उलटतपासणीचाच वाटतो.

पुढे तोच आरोप विजय तेंडुलकरांच्या लीला बेणारेवर आला. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातले न्यायालय अभिरूप आहे. पुकारा, शपथ, साक्ष या विधींची ही नक्कल खेळता खेळता एका बाईच्या अंगावर कशी जाते, हे तेंडुलकरांनी अचूक पकडले. आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ने (१९६२) एका खऱ्या फसवणुकीच्या खटल्यावरून फिरत्या रंगमंचावर खटला नाचवला. ते आरोपीच्या वाणीचे नाटक आहे आणि त्या वाणीपुढे कोर्ट मागे पडते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाने मात्र प्रत्यक्ष कामकाज ऐकले. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश त्याचे बोलणे आपल्या शब्दांत मांडून टंकलेखनाला सांगतात आणि तेवढेच उरते. सरकारी वकील कलमे एका सुरात वाचतात. प्रकरण पुढच्या तारखेवर जाते. राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या या चित्रपटाची ताकद त्या कंटाळवाण्या आवाजांवरच्या विश्वासात आहे. मराठी कथा-कादंबरीने त्याच्याकडून अजून पुरेसे शिकलेले नाही.

साक्ष सहसा प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिली जात नाही. कथन म्हणून, साक्षीदाराच्या प्रथमपुरुषात लिहिली जाते. बुलढाण्यात या रूपांतराला आणखी धार येते, कारण साक्षीदार वऱ्हाडीत बोलतो. समजा, तो म्हणाला : “मी तं वावरात व्हतो साहेब. धुऱ्याकून आवाज आला, पयत गेलो, तं थो पडेल व्हता.” कागदावर येते : ‘घटनेच्या वेळी मी माझ्या शेतात होतो. बांधाच्या दिशेने आवाज आल्याने मी तेथे धावत गेलो. तेव्हा मयत हा खाली पडलेला होता.’ ‘थो’चा ‘मयत’ झाला. साक्षीदाराला त्या क्षणी तो मेला आहे हे ठाऊक होते की नव्हते, हा प्रश्न एका शब्दात पुसला गेला.

उलटतपासणीत याहून विलक्षण गोष्ट घडते. बचाव पक्षाचा वकील आपली सगळी हकीकत सूचना म्हणून मांडतो. साक्षीदार फक्त “नाही जी” म्हणतो. नोंद होते : ‘असे म्हणणे खरे नाही की, धुऱ्याच्या जुन्या वादामुळे मी आरोपीविरुद्ध खोटी साक्ष देत आहे.’ न उच्चारलेले पूर्ण वाक्य त्याच्या तोंडी बसते. प्रकरण अपिलात नागपूर खंडपीठापुढे गेले की हीच साक्ष इंग्रजीत वाचली जाते. एका माणसाचे बोलणे तीन भाषारूपांतून जाते, हा कादंबरीचा ऐवज आहे. वऱ्हाडी बोली तो पेलू शकते, हे सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ने शेतीच्या संदर्भात दाखवून दिले आहे.

लेखकाने आधी शब्द मिळवावेत : सरतपासणी, फेरतपासणी, पंचनामा, मुद्देमाल, निशाणी, रोजनामा, पुरसीस, फितूर साक्षीदार. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. त्यामुळे ठाण्यातल्या कबुलीवर निकाल टेकवणारी कथा कोसळते. खुनाचा खटला सत्र न्यायालयात चालतो. दोषी ठरवणे आणि शिक्षा सुनावणे यांच्यामध्ये आरोपीचे शिक्षेबाबतचे म्हणणे ऐकले जाते. कथेत हा क्षण जवळजवळ कोणी वापरत नाही. कथेचा काळही पाहावा : १ जुलै २०२४ पासूनच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ लागते, त्याआधीच्या खुनाला भारतीय दंड संहितेचे ३०२. तालुक्याच्या कोर्टात वकील न्यायाधीशांना ‘सर’ किंवा ‘साहेब’ म्हणतो. ‘मिलॉर्ड’ तिथे शोभत नाही.

निकालपत्रे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वाचता येतात, पण त्यांत आवाज नसतो. तो ऐकायला बुलढाणा, खामगाव, मेहकर किंवा मलकापूरच्या कोर्टात जाऊन बसावे लागते. लैंगिक अत्याचारासारखी बंद दाराआड चालणारी प्रकरणे वगळता फौजदारी न्यायालय सर्वांना खुले असते. पुकारा अकराच्या सुमारास सुरू होतो आणि मागच्या बाकावर बसायला वकीलपत्र लागत नाही.