पडद्यावरची माणसं पोटासाठी काय करतात?

सिनेमा-मालिकांवर लिहिणाऱ्याने आधी आपला वकूब सांगून टाकावा, म्हणजे वाचणाऱ्याची फसगत होत नाही. मी महोत्सवांचे पास काढत नाही. कॅमेऱ्याची भिंगं, जागतिक सिनेमाचे कालखंड यांतलं मला फारसं कळत नाही. संध्याकाळी सात ते दहा आमच्या घरात टीव्ही सुरू असतो, तो मी लसूण सोलता सोलता बघते. शनिवारी सगळे झोपले की एखादा सिनेमा लावते. अर्धा त्या रात्री, उरलेला रविवारी दुपारी. असं बघता बघता इतक्या वर्षांत माझ्यापुरती एक कसोटी तयार झाली आहे. समोरच्या माणसाचं पोट कशावर चालतं, आणि ते काम करताना तो मला दिसला का?

कसोटी बाळबोध आहे, पण लावून बघा. बहुतेक मालिका पहिल्याच आठवड्यात नापास होतात.

व्यवसाय सांगितलेला असणं आणि काम दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यवसाय सगळ्यांनाच असतो. 'दामिनी' पत्रकार होती. 'आभाळमाया'तली सुधा प्राध्यापक होती. 'होणार सून मी ह्या घरची'मधली जान्हवी बँकेत होती आणि श्रीच्या घरचा गोखले गृहउद्योग होता. या बायका घराबाहेर पडून कमावतात हे तेव्हा आम्हाला भावलं होतं, आणि ते महत्त्वाचंही होतं. पण हळूहळू मालिकांमधला व्यवसाय म्हणजे नुसती पाटी झाली. आता घरटी एक कंपनी असते. ती कंपनी काय बनवते हे कुणी विचारायचं नाही. तिथे फक्त तीन गोष्टी घडतात: फाईल हरवते, टेंडर फुटतं आणि कोऱ्या कागदावर सही होते. माझी आई एकोणतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाली. मालिका बघताना तिचा ठरलेला प्रश्न असायचा, "अगं, पण ही ऑफिसला जाते कधी?" तिला कथानकात खोट काढायची नसायची. आपण आयुष्यातले रोजचे नऊ तास जिथे घालवले ते या बाईच्या दिवसात बसतात कुठे, याचा हिशेब तिला लागत नसे.

या बाबतीत सगळ्यात जास्त अपेक्षा ज्या मालिकेकडून होती ती 'आई कुठे काय करते'. २०१९च्या अखेरीस 'स्टार प्रवाह'वर सुरू झालेली ही मालिका २०२४पर्यंत चालली. मूळ बंगाली 'श्रीमोयी', आणि हिंदीत त्याच गोष्टीची 'अनुपमा' झाली. शीर्षकच बघा. एखाद्या घरात मुलाला विचारावं, आई काय करते, आणि त्याने सहज म्हणावं, आई कुठे काय करते, घरीच तर असते. या एका वाक्यात किती घरांचा इतिहास आहे! मला वाटलं होतं, आता ही मालिका रोज बावीस मिनिटं त्या वाक्याचं उत्तर देत बसेल. सुरुवातीला अरुंधतीची धावपळ दिसलीही. पण लवकरच नवऱ्याचं प्रकरण, घटस्फोट, गाणं, दुसरं लग्न अशी गोष्ट पुढे गेली. अरुंधतीची किंमत आम्हाला पटवून दिली गेली ती तिच्या गळ्यामुळे, तिच्या सोसण्यामुळे, तिच्या स्वाभिमानामुळे. मधुराणी प्रभुलकरांनी ते सगळं मनापासून केलं. पण शीर्षकातला प्रश्न आईच्या गुणांबद्दल नव्हता, तिच्या कामाबद्दल होता. ती उत्तम गाते म्हणून ती काहीतरी करते, असं म्हटलं की ज्या आईला गाता येत नाही तिने काय करायचं?

'माझ्या नवऱ्याची बायको'मध्ये हेच दुसऱ्या बाजूने झालं. राधिकाने मसाल्यांचा उद्योग काढला. किती छान संधी होती! मिरच्या कुठून आणल्या, कोण भाजतं, भाजताना ठसका लागतो त्याचं काय, पुड्या भरणाऱ्या बायकांना दिवसाचे किती मिळतात, पहिल्या महिन्यात तोटा किती झाला. त्याऐवजी बघता बघता राधिका तीनशे कोटींच्या कंपनीची मालकीण झाली आणि लोकांना विनोदाला विषय मिळाला. लोक हसले ते बाईने एवढे पैसे मिळवले म्हणून नव्हे. मधली मेहनत गाळली की पैसा जादूचा वाटतो, आणि जादूवर आपण हसतो.

हे असं का होतं? एक कारण उघड आहे. रोज एक भाग द्यायचा असतो. घोडबंदर रोडवरचा एखादा बंगला किंवा स्टुडिओतला सेट ठरलेला असतो. दिवाणखान्यात सोफ्याभोवती आठ माणसं उभी केली की दिवसाचं शूटिंग निघतं. खरी बँक, खरा कारखाना, खरी शाळा दाखवायची तर जागा हवी, परवानगी हवी, गर्दीची माणसं हवीत, आणि मुख्य म्हणजे त्या कामाची माहिती असलेला लेखक हवा.

दुसरं कारण माझ्या लसणाच्या वाटीत आहे. संध्याकाळी सात ते दहा ही वेळ मालिकांची हक्काची वेळ म्हणतात. ती घरातल्या बायकांच्या कामाचीही वेळ आहे. पोळ्या, भाजी, मुलांचा अभ्यास, उद्याच्या डब्याची तयारी. आम्ही मालिका बघतो कमी, ऐकतो जास्त. लिहिणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून मालिकेत प्रत्येक गोष्ट बोलून दाखवली जाते. दार उघडून सासू आत आली तर सून म्हणते, "आई, तुम्ही? आणि यावेळी?" धक्का बसला की ढोल वाजतो आणि तोच चेहरा तीनदा दिसतो, म्हणजे ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला मान वळवायला वेळ मिळावा. या सगळ्याची आम्ही टिंगल करतो, पण ती एक प्रकारची सोय आहे. गंमत अशी की काम हे मुकं असतं. कणीक मळताना माणूस बोलत नाही. ते बघावंच लागतं. त्यामुळे ज्या कार्यक्रमाची घडण काम करणाऱ्या बाईच्या कानांसाठी झाली आहे, त्यात काम करणारी बाई दाखवता येत नाही. ती दाखवली तर पाच मिनिटं आवाज येणार नाही, आणि आम्हाला वाटेल टीव्ही बंद पडला.

म्हणूनच 'द ग्रेट इंडियन किचन' बघताना मी हातातलं सगळं बाजूला ठेवलं. जिओ बेबी यांचा हा मल्याळम सिनेमा २०२१चा. त्यातल्या नवरा-बायकोला नावंही नाहीत. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. आवाज आहेत ते सुरीचे, फोडणीचे, खरकट्या भांड्यांचे. सासऱ्यांना भात चुलीवरचा हवा, कुकरमधला नको. चटणी हाताने वाटलेली हवी. कपडे यंत्रात धुतलेले नकोत. हे सगळं ते अगदी गोड आवाजात सांगतात; घरात कुणी ओरडत नाही, कुणी कट करत नाही. सिंकखालचा पाइप गळतो आणि प्लंबर दिवसचे दिवस येत नाही. एखाद्या मालिकेत खलनायिकेने तीनशे भागांत जेवढा छळ केला नसेल तेवढा तो पाइप करतो. तेच काम पुन्हा, मग पुन्हा, मग पुन्हा. काही लोकांना ते कंटाळवाणं वाटलं. पण कंटाळा हा तिथे विषयच आहे. तो आपल्याला आला म्हणजे सिनेमा पोचला. शीर्षकात प्रश्न विचारून मराठी मालिकेने जे उत्तर टाळलं, ते या सिनेमाने एकही भाषण न करता दिलं. शेवटाकडे ती नवऱ्यावर आणि सासऱ्यांवर खरकटं पाणी फेकते, ते पाणी किती दिवसांचं साठलेलं आहे हे आपण मोजलेलं असतं.

मराठीत माझ्या कसोटीला पुरून उरणारा सिनेमा म्हणजे चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट', २०१४चा. त्याबद्दल बोलताना लोक कायद्याच्या दिरंगाईबद्दल, शाहीर नारायण कांबळेबद्दल बोलतात. मला आठवते सरकारी वकील नूतन. गीतांजली कुलकर्णींनी कोर्टात ती कलमं अशा सुरात वाचली आहेत की एखादीने किराणा मालाची यादी वाचावी. मग ती लोकलने घरी येते, साडीबद्दल, नवऱ्याच्या मधुमेहाबद्दल बोलते, मुलाला पाळणाघरातून घेते आणि स्वयंपाकाला लागते. बचावाचा वकील विनय सुपरमार्केटमध्ये जाऊन चीज आणि वाइन घेतो. दोघांचं शिक्षण एक, कोर्ट एक; पण कोर्ट सुटल्यावर एकाचा दिवस संपतो आणि दुसरीची दुसरी पाळी सुरू होते. नूतनचं म्हणणं मला पटत नाही, ती एका निरपराध माणसाला आत ठेवू बघते आहे, तरी तिचा राग राग करता येत नाही. काम दाखवल्याने होतं ते हे. पात्र चांगलं किंवा वाईट ठरवण्याआधी दमलेलं दिसतं.

त्याच सिनेमात गटारात उतरून मेलेल्या वासुदेव पवारची बायको साक्ष द्यायला उभी राहते. नवऱ्याचं काम आपल्याला दिसत नाही, तिच्या तोंडून कळतं. खाली हवा आहे की नाही हे तो कसं ओळखायचा, आत जाण्याआधी का प्यायचा. ती रडत नाही. पुढे वकील तिला पैसे देऊ करतो, तेव्हा ती काही काम असेल तर सांगा म्हणते. आपल्याकडच्या कुठल्याही मालिकेत इथे निदान तीन भागांचं रडं निघालं असतं.

'सैराट'चा उत्तरार्ध संथ आहे अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली. 'झिंगाट'वर नाचून थिएटरात बसलेल्या लोकांना हैदराबादची झोपडपट्टी जड गेली असणार. माझ्या मते खरा 'सैराट' तिथेच सुरू होतो. पूर्वार्धात ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी आर्ची बापाच्या जोरावर निर्भय आहे. उत्तरार्धात ती बाटल्यांच्या कारखान्यात उभी राहते, परशा डोशाच्या गाडीवर राबतो, परकी भाषा कानावर पडत राहते, भांडणं होतात. नागराज मंजुळेंनी हा भाग गाण्यात गुंडाळून दोन मिनिटांत उरकला नाही. म्हणून शेवटी आर्ची दारात रांगोळी काढत असताना माहेरची माणसं येतात, तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो. त्या घरातली एकेक वस्तू कुणाच्या पगारातून आली हे आपल्याला ठाऊक असतं. नुसतं प्रेम मारलं गेलं असतं तर ती जुनीच गोष्ट होती. इथे दोघांनी राबून उभं केलेलं घर मारलं जातं.

अलीकडचं उदाहरण पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'चं. २०२४ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळाल्यावर त्याची चर्चा झाली, पण आपल्याकडे तो मल्याळी नर्सेसचा सिनेमा म्हणून बाजूला पडला. त्यात मराठी बोलणारी पार्वती आहे. छाया कदम. ती त्याच हॉस्पिटलात स्वयंपाकीण आहे. राहत्या खोलीचे कागद तिच्याकडे नाहीत आणि बिल्डर हटवायला बसला आहे. इतकी वर्षं मुंबईला जेवू घालून आपण इथे राहत होतो याचा पुरावा तिच्याजवळ नाही. काम केल्याची नोंदच नसेल तर शहर माणसाला ओळखत नाही, हे तिला रत्नागिरीकडच्या गावी परतावं लागतं तेव्हा समजतं. याच सिनेमात परदेशी गेलेल्या नवऱ्याकडून प्रभाला एक राइस कुकर येतो आणि रात्री ती त्याला मिठी मारून बसते. मल्याळी घरांतले हे दोन कुकर मी एकत्र आठवते: एका सिनेमात तो वापरू दिला जात नाही, दुसऱ्यात नवऱ्याच्या जागी तेवढा तोच येतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाला पुन्हा काम कशाला दाखवायचं? त्याला विरंगुळा हवा. मला हे पटत नाही. १९८६चा 'नुक्कड' आठवा. इलेक्ट्रिशियन गुरू, सायकली दुरुस्त करणारा हरी, कादरभाईचं हॉटेल, गणपत हवालदार. कामधंद्याची आणि बेकारीची गोष्ट, आणि सगळा देश बघत होता. २०२०ची 'पंचायत' घ्या. वीस हजार पगाराचा सचिव, कुलपाची हरवलेली किल्ली, सौर दिवा कुठे लावायचा याची बैठक, चाकांच्या खुर्चीवरून रुसवा. लोकांनी ती डोक्यावर घेतली. उलट पुढच्या सीझनांत ग्रामपंचायतीचं दप्तर मागे पडून आमदाराशी वैर आणि निवडणूक पुढे आली, तेव्हा तिची पकड ढिली झाली. लोकांना काम बघायचा कंटाळा नाही. पाटीवरचा खोटा धंदा बघायचा कंटाळा आहे.

मालिका लिहिणाऱ्यांकडे माझं मागणं फार मोठं नाही. खरा कारखाना नको, परवानग्या नकोत. तो सोफाही राहू दे. फक्त आठवड्यातून एकदा घरातला मोठा निर्णय दिवाणखान्याऐवजी ओट्यापाशी घ्या. सगळे बोलत असताना तिला वीस पोळ्या लाटू द्या, पहिलीपासून विसावीपर्यंत. कुणी मधे बोलायचं थांबलं आणि टीव्हीतून फक्त लाटण्याचा आवाज आला, तरी चालेल. इकडे आम्ही मान वळवून बघू.